रेडवुडच्या नदीकाठी शूट करायचंय? जेडेडाया स्मिथ पार्कची पूर्ण तयारी

शॉर्टफिल्म असो, म्युझिक व्हिडिओ असो नाहीतर कोणाचं प्री-वेडिंग, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या आपल्या मंडळींना उंच झाडं हवी असली की सगळे म्यूर वुड्सला पळतात. तिथे पार्किंगचं आधी बुकिंग, मग गर्दी, आणि प्रत्येक फ्रेममध्ये मागून कोणीतरी आईस्क्रीम खात चाललेलं. झाडं मस्तच आहेत, वाद नाही. पण शूट करायला म्हणून जायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की एक दिवस जास्त काढा आणि वर उत्तरेला जा, क्रेसेंट सिटीजवळच्या जेडेडाया स्मिथ रेडवुड्स स्टेट पार्कला. सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे १०१ ने साधारण ३५० मैल, म्हणजे न थांबता सात तास, आणि थांबल्याशिवाय कोणी जात नाही त्यामुळे पूर्ण दिवस धरा.

तिथेच का, तर नदी. पार्कमधून स्मिथ रिव्हर वाहते आणि कॅलिफोर्नियातली धरण नसलेली मोठी नदी म्हणाल तर हीच. पाणी इतकं स्वच्छ की उन्हाळ्यात तळातले गोटे मोजता येतात, रंग निळा-हिरवा, आणि दोन्ही काठांना गोट्यांचे मोकळे पट्टे. आता हे शूटिंगसाठी का महत्त्वाचं ते सांगतो. कोस्ट रेडवुड ९०-१०० मीटर उंच जातं, खाली उभं राहून लेन्स कितीही वाइड लावली तरी ते फ्रेममध्ये मावत नाही, आणि मावलंच तर बघणाऱ्याला ते कुठलंही झाड वाटतं. उंची दिसायला लांबून बघावं लागतं आणि दाट जंगलात लांब जायला जागाच नसते, ती जागा नदी देते. उजेडही नदीच देते. म्हणून रेकीपासून (शूटच्या आधी जागा बघून येणं) शेवटच्या शॉटपर्यंत एकच ध्यानात ठेवा, कॅमेरा आकाशाकडे कमी आणि नदीकडे जास्त.

आधी जागा ठरवा

पहिली पसंती स्टाऊट ग्रोव्ह. ४४ एकरांचा तुकडा आहे, लाकूड व्यापारी फ्रँक स्टाऊट यांच्या पत्नी क्लारा यांनी १९२९ मध्ये नवऱ्याच्या स्मरणार्थ तो राखायला दिला. (लाकडाच्या धंद्यातल्या माणसाच्या नावाने न तोडलेलं जंगल, असंही होतं कधीकधी.) मिल क्रीक जिथे स्मिथ नदीला मिळतो तिथेच हे आहे. मोठ्या पुरात नदीचं पाणी इथे आत शिरतं, गाळ टाकून जातं, त्यामुळे खाली झुडपांची दाटी होत नाही, जमीन सपाट आणि त्यावर फर्न नि सॉरेलचा हिरवा थर. माणूस उभा केला की पायापासून डोक्यापर्यंत दिसतो. हे वाचताना साधं वाटेल पण बाकी रेडवुड जंगलात कलाकार कमरेपर्यंत फर्नमध्ये बुडालेला असतो, तेव्हा याची किंमत कळते. तिकीट नाही, पार्किंग छोटं आहे.

जायला हाऊलंड हिल रोड. हा अरुंद, बराचसा कच्चा रस्ता दोन्ही बाजूंनी झाडांना अक्षरशः घासून जातो. मोटरहोम आणि ट्रेलर इथे आणायचे नाहीत, शूटिंगच्या सामानाची मोठी ग्रिप व्हॅन तर विसराच. स्टाऊट ग्रोव्ह रस्त्याच्या पूर्व टोकाला आहे म्हणून क्रेसेंट सिटीकडून सगळा कच्चा रस्ता खडखडत येण्यापेक्षा हायवे १९९ ने हियूची हे छोटं गाव गाठा आणि साऊथ फोर्क रोडकडून आत या, कच्चा भाग थोडासाच लागतो, सामानालाही बरं. रस्त्याचा शॉट हवा असेल तर मात्र पूर्ण रस्ता एकदा चालवाच.

गर्दी नको असेल तर वॉकर रोड. १९९ वरून नदीकडे उतरणारा छोटा कच्चा रस्ता, पाटी पटकन दिसत नाही म्हणून लोक पुढे निघून जातात. डायलॉगचा सीन असेल तर मी स्टाऊटपेक्षा हा घेईन. सिम्पसन-रीड ग्रोव्ह हायवेला चिकटून आहे, पार्किंग सोपं, आजीआजोबांना घेऊन फोटोशूट करायचं तर उत्तम, पण ट्रकचा आवाज येतो.

ग्रोव्ह ऑफ टायटन्स शूटसाठी सोडून द्या. ही अजस्र झाडं १९९८ मध्ये संशोधकांच्या नजरेत आली, जागा गुप्त ठेवली होती, पण लोकेशन इंटरनेटवर फुटलं आणि लोकांनी मुळांभोवतीची जमीन तुडवून टाकली. आता तिथे उंचावरून जाणारा बोर्डवॉक आहे आणि त्यावरून खाली पाय ठेवायचा नाही. अरुंद बोर्डवॉकवर ट्रायपॉड लावून लोकांची वाट अडवण्यात अर्थ नाही, बघायला जरूर जा.

आणि धुकं हवं असेल तर एक गोष्ट आधीच कळलेली बरी. सगळ्यांच्या डोक्यात रेडवुड म्हणजे धुक्यातून येणारे उन्हाचे पट्टे असतात, आणि जेडेडाया स्मिथला येऊन बघतात तर लख्ख ऊन. पार्क समुद्रापासून थोडा आत आहे, उन्हाळ्यात क्रेसेंट सिटी धुक्यात गुडूप असताना हियूचीत लोक नदीत पोहत असतात. धुक्याचे सीन हवे तर किनाऱ्याला लागून असलेल्या चढावर जायचं, डॅमनेशन क्रीकची पायवाट नाहीतर खाली ओरिकजवळ लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह. एका दिवसात दोन्ही जमतं, सकाळी धुकं आणि दुपारनंतर नदी.

मग जमीन कोणाची ते बघा

इथे लोक गोंधळतात. रेडवुड नॅशनल पार्क आणि तीन स्टेट पार्क, जेडेडाया स्मिथ, डेल नॉर्ट कोस्ट आणि प्रेअरी क्रीक, १९९४ पासून एकत्र चालवतात, पाट्याही एकत्र असतात, पण शूटिंगची परवानगी जमिनीच्या मालकावर ठरते. स्टाऊट ग्रोव्ह, सिम्पसन-रीड, डॅमनेशन क्रीक स्टेटचे. लेडी बर्ड जॉन्सन नॅशनल पार्कचं.

नॅशनल पार्कच्या जमिनीवर काम आता सोपं झालंय. ४ जानेवारी २०२५ ला एक्सप्लोअर ॲक्टवर सही झाली, त्यानुसार पाच किंवा कमी लोक, हातात नेण्याइतकंच सामान, जिथे पब्लिकला जाता येतं तिथेच शूट आणि कोणाची अडवणूक नाही, असं असेल तर परमिट लागत नाही, मग ते शूट धंद्याचं असो वा हौसेचं. हा फेडरल कायदा आहे. स्टेट पार्कला लागू नाही, आणि "अरे आता परमिट लागत नाही, कायदा आलाय" असं ऐकून स्टाऊट ग्रोव्हमध्ये क्रू घेऊन जाणारे नेमके इथेच अडकतात.

स्टेटच्या जमिनीवर कमर्शियल शूटचं परमिट कॅलिफोर्निया फिल्म कमिशन देतं, पार्कच्या ऑफिसात जाऊन रेंजरला विचारून चालत नाही. क्रम असा ठेवा. पहिल्यांदा हम्बोल्ट-डेल नॉर्ट फिल्म कमिशनला ईमेल टाका, स्थानिक लोक आहेत, कुठल्या जागेला सध्या काय अडचण आहे ते त्यांना माहीत असतं. मग इन्शुरन्स, कारण त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. दहा लाख डॉलरची जनरल लायबिलिटी (दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा) आणि सर्टिफिकेटवर स्टेट ऑफ कॅलिफोर्नियाचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून, म्हणजे विम्याचं संरक्षण त्यांनाही, थोड्या दिवसांची प्रॉडक्शन पॉलिसी काढता येते. नंतर फिल्म कमिशनच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये अर्ज, त्यात तारीख, नेमकी जागा, माणसं किती, गाड्या किती, काय सामान, काय सीन, सगळं लिहायचं. इथे मोघम लिहिलंत तर प्रश्न परत येतात आणि आठवडा जातो. "फॉरेस्ट सीन" असं न लिहिता "दोन कलाकार स्टाऊट ग्रोव्हच्या पायवाटेवरून चालतात, ट्रायपॉड आणि गिंबल, लाइट नाही, वायर नाही" असं लिहा (गिंबल म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा), वाचणाऱ्याला चित्र दिसलं पाहिजे.

फिल्म कमिशन स्वतः परमिटची फी घेत नाही, पण देखरेखीला पार्कचा माणूस द्यावा लागला तर त्याच्या तासांचा खर्च आपल्यावर. जनरेटर, स्मोक मशीन, आग, प्राणी, स्टंट, रस्ता अडवणं यातलं काहीही आलं की कागद वाढतात आणि लहान प्रोजेक्टला ते परवडत नाही, स्क्रिप्टमधून काढा सरळ. साध्या शूटलाही मी तीन-चार आठवडे हातात ठेवीन. ड्रोन नाही, म्हणजे नाहीच. आपल्याकडे ताम्हिणीत गाडी बाजूला लावून पटकन दोन शॉट उडवून घेतो तसलं इथे करू नका, दंड होतो.

घरचे फोटो, स्वतःच्या आठवणीसाठी व्हिडिओ, याला काही लागत नाही. भारतातून कोणी येऊन शूट करणार असेल तर टुरिस्ट व्हिसावर पैसे मिळणारं काम करता येत नाही, हे आधी वकिलाशी बोलून घ्या, विमानाची तिकिटं काढल्यावर नको.

तारीख आणि उजेड

क्रेसेंट सिटीत वर्षाला ६० इंचांहून जास्त पाऊस, त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिल. हिवाळ्यात नदी बघता बघता चढते आणि ज्या गोट्यांवर उभं राहून सीन लिहिला ती जागाच पाण्याखाली असते. मे शेवट ते जून सगळ्यात चांगला, गुलाबी ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात आणि दिवस मोठा. सप्टेंबरही छान, गर्दी कमी होते, फक्त वणव्याच्या धुराकडे लक्ष ठेवा.

उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडवरून नदी ओलांडून स्टाऊट ग्रोव्हला जायला तात्पुरते पादचारी पूल टाकतात. ते असताना कॅम्पग्राउंडलाच मुक्काम केलात तर गाडी न काढता पहाटे लोकेशनवर पोचता, यासारखं सुख नाही. साइट सहा महिने आधी बुकिंगला उघडतात आणि उडतात.

आता खरा मुद्दा. डोक्यावर ऊन असताना जंगलाच्या आत शूट करू नका. फर्नवर पांढरे ठिपके, बाजूला काळाकुट्ट बुंधा, कलाकाराच्या अर्ध्या नाकावर ऊन, कुठलाच कॅमेरा हे सांभाळत नाही. ढगाळ दिवस मिळाला तर नाचा, सगळीकडे एकसारखा मऊ उजेड, दिवसभर कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा उजेड पुढच्याशी, जुळते. लख्ख ऊन असेल तर दिवसाचे तुकडे पाडा. सकाळी ऊन आत यायच्या आधी जंगलातले डायलॉग, दुपारी नदीच्या गोट्यांवरचे वाइड शॉट, समोरच्या काठावरची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत इथूनच घ्यायची, आणि उतरत्या दुपारी परत स्टाऊट ग्रोव्ह, त्या वेळी तिरपं ऊन खोडांमधून आत घुसतं आणि फर्न मागून पेटल्यासारखे दिसतात. जूनमध्ये सूर्यास्त पावणेनऊनंतर असला तरी आतमध्ये तासभर आधीच अंधारतं, कॉलशीट, म्हणजे दिवसाचं वेळापत्रक, सूर्यास्ताच्या वेळेवर बनवू नका.

क्लोजअपला लाइट लागतोच असं नाही. कलाकाराला ग्रोव्हच्या नदीकडच्या कडेला आणा, तोंड नदीकडे, पाठीमागे जंगल. वरची झाडी तिथे उघडते, समोरच्या पांढुरक्या गोट्यांवरून उजेड उसळून चेहऱ्यावर येतो आणि मागचं जंगल दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) गडद राहतं. एवढा मोठा सॉफ्टबॉक्स कोणी भाड्याने देणार नाही.

कॅमेऱ्याचं काय

बॅग हलकी ठेवा. एक फास्ट ३५ किंवा ५० मिमी, नदीपलीकडून झाडं घ्यायला एक ८५ किंवा त्याहून लांब, आणि वाइड असलीच तर एखादी. ढगाळ दिवशी आतमध्ये २४ फ्रेम, १/४८ शटर, एफ २.८ धरून आयएसओ ८०० ते ३२०० च्या मध्ये कुठेतरी खेळ चालतो, त्यामुळे एफ ४ ची झूम घेऊन आलात तर नॉइजशी भांडत बसाल.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. वरून हिरवा आणि खालून लालसर रंग येतो, कॅमेरा गोंधळतो आणि एकाच सीनमध्ये चेहरा कधी हिरवा कधी गुलाबी होतो. ५६०० च्या आसपास फिक्स करा, टिंट थोडा मॅजेंटाकडे. आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगाला इथला हिरवा लगेच आजारी दाखवतो म्हणून हे आधी टेस्ट करून बघा. कपडे निवडताना हिरवा, चॉकलेटी, राखाडी टाळा, माणूस झाडात विरघळून जातो, हळदी पिवळा किंवा कुंकवाचा लाल लांबूनही उठून दिसतो.

पोलरायझर आणा. ओल्या फर्नवरची चमक जाते, नदीचा तळ दिसतो, बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो, म्हणून नदीवर लावा आणि जंगलात काढा. पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) हळू करा, उभ्या बुंध्यांवरून झपकन कॅमेरा फिरवला की रोलिंग शटरने (सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो म्हणून) झाडं तिरकी होतात. उंची दाखवायचीच असेल तर टिल्टपेक्षा (कॅमेरा खालून वर नेणं) माणसाला बुंध्याला लागून उभं करा आणि कॅमेरा मागे न्या, झाड फ्रेमबाहेर जाऊ द्या, कुठे संपतं ते न दिसणंच जास्त परिणाम करतं.

वेगाचा शॉट

या भागाला फिल्मच्या इतिहासात जागा मिळाली ती १९८२ मधल्या शूटमुळे. १९८३ ला आलेल्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधलं जंगल क्रेसेंट सिटीजवळच्या स्मिथ रिव्हर भागात शूट झालं, पण पार्कमध्ये नाही. लाकूड कंपनीची खाजगी जमीन होती, झाडं पुढे तोडली जाणारच होती म्हणून सेट उभारायला, जमीन उकरायला मोकळीक होती, आणि नंतर ती खरंच तोडली गेली. त्यामुळे "ती जागा दाखवा" म्हणून कोणी आलं तर दाखवायला काही नाही. उडत्या बाईकच्या पाठलागाची जागा मात्र शाबूत आहे, दक्षिणेला हम्बोल्ट काउंटीत, हायवे ३६ वर, व्हॅन ड्यूझन नदीकाठचा चीटम ग्रोव्ह. ग्रिझली क्रीक रेडवुड्स स्टेट पार्कचा भाग आहे.

तिथे स्टेडिकॅम, म्हणजे अंगावर बांधून कॅमेरा स्थिर ठेवायचं साधन, ज्याने शोधला तो गॅरेट ब्राऊन कॅमेरा घेऊन पायवाटेने नुसता चालत गेला. कॅमेरा सेकंदाला एक फ्रेमपेक्षाही कमी, साधारण पाऊण फ्रेम वेगाने चालत होता, आणि ते २४ ने दाखवलं की वेग बत्तीस पट. ताशी पाच किलोमीटर चालणारा माणूस ताशी १६० ने उडतोय असं दिसतं. हे आज गिंबल आणि इंटरव्हलवर (ठराविक वेळाने एकेक फ्रेम घेणं) कोणालाही जमतं, फक्त हिशोब आधी करा. दहा सेकंदांच्या शॉटला २४० फ्रेम, दर १.३३ सेकंदाला एक, म्हणजे ३२० सेकंद न डगमगता चालायचं आणि त्यात साधारण ४४० मीटर वाट लागते. एवढी सरळ वाट ग्रोव्हमध्ये नाही. तीन सेकंदांचे तुकडे करा, दीडेक मिनिट चालणं आणि १३०-१३५ मीटर, मग एडिटला जोडा. चालताना लांबचं एक झाड धरून फ्रेमचा मध्य त्याच्यावरच ठेवायचा, तो हलला की बत्तीस पटीने हललेला दिसतो. पावलं सारखी, उतार नको, आणि वाटेत दुसरे लोक आले तर टेक गेला, म्हणून सकाळी लवकर. वाट सोडून फर्नमधून चालायचा मोह होईल, होऊ देऊ नका.

आवाज

रेडवुडची मऊ साल आणि खालचा पालापाचोळा आवाज शोषून घेतात, त्यामुळे आत डायलॉग स्टुडिओसारखे कोरडे येतात. पण नदीजवळ सतत घुंई असते आणि ती पोस्टमध्ये साफ निघत नाही. नदीकाठच्या सीनला लॅपल माइकच लावा, बूमवर (लांब काठीवरचा माइक) भरवसा नको, आणि प्रत्येक जागी मिनिटभर नुसता वातावरणाचा ट्रॅक घ्या. हाऊलंड हिल रोडवर गाडी गेली की खडीचा कर्रर्र आवाज लांबवर येतो, एकाला रस्त्याकडे कान देऊन बसवा.

बाकीचं, पण टाळू नका असं

आत मोबाइलला रेंज नाही असंच धरून चाला. मॅप ऑफलाइन, कॉलशीट कागदावर, आणि "पोचलो की फोन करतो" हा प्लॅन इथे चालत नाही, भेटायची वेळ आणि जागा आदल्या रात्री ठरवायची. वॉकीटॉकीची जोडी असली तर सोन्याहून पिवळं.

वारा सुटला की शूट थांबवा. वरून तुटून पडणाऱ्या फांद्या मोठ्या असतात आणि पडायच्या आधी सांगत नाहीत. रेडवुडची मुळं खोल नसतात, जेमतेम दोन-तीन मीटर खाली पण आडवी लांबवर पसरलेली, म्हणून बुंध्याभोवती सगळा क्रू घेऊन उभं राहिल्याने झाडाचं खरंच नुकसान होतं. अस्वलं आहेत, खाणं गाडीत उघडं नको, कॅम्पला लोखंडी पेट्या असतात त्यात ठेवा. पोळीभाजीचे डबे घरून नेलेत तर बरं, हियूचीत खायचे पर्याय अगदी मोजके आहेत आणि शाकाहारी माणूस फ्राइजवर येतो.

थंड ओलाव्यातून गाडीच्या उबेत कॅमेरा नेला की लेन्सवर बाष्प धरतं, बॅगेत सिलिका जेल टाका आणि लेन्स बदलायच्या आधी दहा मिनिटं बाहेर ठेवा.

आणि चिखल. या खोऱ्यात पोर्ट ऑर्फर्ड सीडर नावाचं झाड आहे, त्याला मुळं कुजवणारा रोग चिखलातून एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो. बूट, ट्रायपॉडचे पाय, गाडीची चाकं, सगळं ब्रशने घासून धुवा, येतानाही आणि जातानाही. परमिटवर कोणी बघो न बघो, हे करायचंच.

परतताना दक्षिणेकडे क्लॅमथच्या आधी लास्ट चान्स ग्रेड लागतो, डोंगर सरकत असल्यामुळे हायवे १०१ चं तिथे कायम काहीतरी काम चालू असतं आणि गाड्या एकेरी सोडतात. निघायच्या आधी, रेंज असेपर्यंत, क्रेसेंट सिटीतच कॅलट्रान्सचा (कॅलिफोर्नियाचं रस्ते खातं) रस्त्यांची सद्यस्थिती दाखवणारा नकाशा क्विकमॅप उघडून बघा, पेट्रोल तिथेच भरा, आणि फुटेजची दुसरी कॉपी दुसऱ्या गाडीत ठेवा.